एकाच ट्रेलमध्ये ६४ मेल: कॉन्व्हर्सेशन व्ह्यू बंद करावा का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टेरी टॉवेलच्या कारखान्यात तुम्ही सहा महिन्यांपासून मर्चंडायझिंग बघता. एक्स्पोर्टचा जीमेल आयडी एकच आहे आणि तो तुम्ही, कागदपत्रं बघणारे काका आणि मालक असे तिघं उघडता. जर्मनीच्या बायरबरोबर एका ऑर्डरची ट्रेल, म्हणजे जबाबावर जबाब अशी मेलची साखळी, ६४ मेलपर्यंत गेली. मध्येच कुठेतरी त्याने हँड टॉवेलची शेड बदलली, तो मेल कुणाच्याच नजरेत आला नाही आणि जुन्या शेडमध्ये लॉट डाय झाला, म्हणजे रंगवला गेला. मालक म्हणतात, हे मेल एकाखाली एक घालणं, म्हणजे जीमेलचा कॉन्व्हर्सेशन व्ह्यू, बंद करून टाका. तुम्ही विचारताय की बंद करू का, आणि केलं तर जुने मेल जातील का.

जुन्या मेलचं आधी सांगते, म्हणजे तेवढी काळजी मिटेल. काहीही जात नाही. कॉन्व्हर्सेशन व्ह्यू हा फक्त दाखवण्याचा प्रकार आहे. सेटिंग्जमध्ये जाऊन बंद केला की ६४ मेल ६४ ओळींत दिसतील, पुन्हा चालू केला की पुन्हा एका ओळीत येतील. जीमेल २००४ साली आलं तेव्हापासून ते मेल असेच एकत्र दाखवतं. लोकांनी खूप मागणी केल्यावर २०१० साली ते बंद करण्याची सोय दिली गेली. म्हणजे मालकांना जो त्रास झाला तो जगभर अनेकांना झालेला आहे. त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं अजिबात नाही.

पण माझ्या मते तुमची अडचण त्या बटणाची नाही. तुमच्याकडे दोन गोष्टी एकदम घडल्या. एकाच ट्रेलमध्ये रेट, शेड, पॅकिंग आणि शिपमेंट असे चार विषय चालले होते. आणि मेल 'वाचलेला' दिसतोय म्हणजे तो कुणीतरी बघितलाय, असं तिघांनीही धरून चाललं. या दोन गोष्टी तशाच ठेवून बटण बंद केलंत तर पुढची चूक होईलच, फक्त ती वेगळ्या जागी होईल.

मी सोलापुरात २३ वर्षं एक्स्पोर्टच्या कागदपत्रांचं काम करते. पहिली १४ वर्षं एकाच टॉवेल कारखान्यात होते, आता पाच लहान कारखान्यांचं काम होटगी रोडच्या ऑफिसातून बघते. पाच आयडी, पाच मालक, आणि प्रत्येकाची मेल वाचायची सवय वेगळी. त्यामुळे खाली सांगते ते सगळं तुमच्याकडे जसंच्या तसं लागू होईल असं नाही. दिवसाला दहा मेल येणाऱ्या कारखान्याला यातलं निम्मं लागणार नाही. तुमचा बायर त्याच्या पोर्टलवरून मेल पाठवत असेल तर काही गोष्टी उलट कराव्या लागतील, तेही पुढे सांगते.

आधी हे मेल एकत्र कसे येतात ते समजून घ्या, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. प्रत्येक मेलला पाठवताना एक ओळखक्रमांक मिळतो. आपल्याला तो दिसत नाही. तुम्ही 'रिप्लाय' दाबता तेव्हा तुमच्या मेलमध्ये 'हा अमुक क्रमांकाच्या मेलचा जबाब आहे' अशी नोंद आपोआप जाते, आणि त्या आधीच्या मेलचे क्रमांकही बरोबर जातात. ही व्यवस्था निदान १९८२ सालच्या ईमेलच्या नियमांपासून आहे. जीमेल ती नोंद बघतं, शिवाय विषयाची ओळही बघतं. विषय बदलला की नवी ट्रेल सुरू होते, आणि एका ट्रेलमध्ये १०० च्या वर मेल गेले तरी पुढचे नव्या ट्रेलमध्ये पडतात.

यात कुठेही मेलमधला मजकूर बघितला जात नाही. बायरला नवीन ऑर्डर द्यायची असते, तुमचा पत्ता शोधायला तो मागच्या वर्षीचा कुठलातरी मेल उघडतो, रिप्लाय दाबतो आणि लिहायला लागतो. मशीनच्या दृष्टीने ती जुनीच गोष्ट पुढे चालू झाली. उलट तुमच्या सीएचएने, म्हणजे कस्टमचं काम बघणाऱ्या एजंटने, त्याच ऑर्डरबद्दल नवा मेल लिहिला तर तो वेगळा पडतो. म्हणजे ट्रेल ही कुणी कशावर रिप्लाय दाबला याची नोंद आहे. 'एका कामाचे सगळे कागद' असं आपण तिला समजतो, पण ती तशी नसते. तशी ती आपण बनवावी लागते.

आणखी एक गोष्ट, जी मला कळायला फार वर्षं लागली. आपल्याला ट्रेल सरळ रेषेत दिसते, वरून खाली तारखेप्रमाणे. प्रत्यक्षात तिला फांद्या असतात. समजा ३८ व्या मेलला मुंबईच्या एजंटने जबाब दिला, आणि त्याच वेळी बायरनेही ३८ व्यालाच जबाब दिला. आता एजंटच्या मेलखाली जो जुना मजकूर जोडलेला आहे त्यात बायरचा मेल नाही, आणि बायरच्या मेलखाली एजंटचा नाही. तुम्ही पुढे एजंटच्या मेलवर रिप्लाय देत गेलात तर शेवटच्या मेलखाली जी लांबलचक शेपटी असेल, तिच्यात बायरने लिहिलेलं कधीच येणार नाही. 'शेवटचा मेल फॉरवर्ड केला की सगळी ट्रेल जाते' हा समज सोलापुरातच काय, मुंबईच्या मोठ्या ऑफिसांतही आहे, आणि तो चुकीचा आहे. सगळं पाठवायचं असेल तर ट्रेल उघडून वरच्या तीन टिंबांतून 'फॉरवर्ड ऑल' करा. कुणीतरी 'रिप्लाय ऑल'ऐवजी नुसता 'रिप्लाय' दाबला असेल तर ती फांदी तुमच्याकडे आलेलीच नसते, हेही लक्षात असू द्या.

समोरच्याकडे आउटलुक असेल तर त्याला हीच ट्रेल वेगळी दिसते, कारण आउटलुकची जुळवायची स्वतःची पद्धत आहे. म्हणून 'वरचा मेल बघावा' किंवा 'खाली म्हटल्याप्रमाणे' असं मी कधीच लिहीत नाही. वरचा म्हणजे कुणाच्या पडद्यावरचा? 'आपल्या १२ तारखेच्या मेलमध्ये कार्टनचं माप आहे त्याप्रमाणे' असं लिहिते.

आता तुमचा शेड बदलल्याचा मेल शोधून नीट बघा. माझा अंदाज आहे की तो दोनपैकी एका प्रकारचा असेल.

पहिला प्रकार असा की बायरने वर फक्त 'प्लीज सी बिलो इन रेड' लिहिलं आणि तुमच्याच मेलच्या मजकुरात, तुमच्या प्रश्नांपुढे लाल अक्षरांत उत्तरं दिली. युरोपातल्या बायरांची ही फार जुनी सवय आहे. जीमेल जुना मजकूर तीन टिंबांच्या आड झाकून ठेवतं, आणि कधीकधी त्याबरोबर ही लाल उत्तरंही झाकली जातात. मेल मोठा झाला तर खालून कापूनही दाखवतं, आणि पूर्ण बघायला वेगळी लिंक दाबावी लागते. मोबाइलवर तर लक्षातही येत नाही. बायरच्या मेलमध्ये वर एकच ओळ दिसली की तीन टिंबं उघडायचीच, ही सवय मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलीला पहिल्या दिवशी लावते.

दुसरा प्रकार जास्त होतो, आणि माझ्या हातून तोच झाला होता. २०११ ची गोष्ट. बाथ टॉवेलच्या ऑर्डरचं पॅकिंग सुरू होतं. बायरने रात्री तीन मेल पाठवले. पहिल्यात कार्टन मार्किंग, म्हणजे खोक्यांवरचा मजकूर, बदललं होतं, दुसऱ्यात जहाजाची चौकशी होती, तिसऱ्यात नुसतं 'ओके, थँक्स'. आमचे त्या वेळचे मालक रात्री जेवल्यावर मेल बघायचे. त्यांनी ट्रेल उघडली, शेवटचं 'ओके, थँक्स' वाचलं, सगळं ठीक आहे असं समजून बंद केली. जीमेलमध्ये ट्रेल उघडली की तिच्यातले सगळे न वाचलेले मेल एकदम वाचलेले होतात, तुम्ही खाली-वर सरकवून बघा किंवा न बघा. सकाळी मी आले तेव्हा ठळक अक्षरांत काहीच नव्हतं. ३४० कार्टनवर जुनं मार्किंग गेलं. कळलं तेव्हा कंटेनर दुसऱ्या दिवशी न्हावा शेवाला निघायचा होता. पॅकिंगमधल्या बायका रात्री साडेअकरापर्यंत स्टिकर बदलत बसल्या, त्यांच्या घरी मुलं वाट बघत होती. माझ्या एका न वाचलेल्या मेलची किंमत त्यांनी मोजली, हे मला अजून लागतं. म्हणून हा विषय मी इतका मनावर घेते.

जर्मनीचा विचार केलात तर हे तुमच्याकडे नेमकं का होतं तेही दिसेल. तिथलं ऑफिस संध्याकाळी ६ वाजता सुटतं तेव्हा हिवाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेदहा झालेले असतात, उन्हाळ्यात साडेनऊ. त्यांचे दिवसभराचे निर्णय आपल्या रात्री येतात, तेव्हा ऑफिस बंद असतं आणि मोबाइल मालकांच्या हातात असतो.

आता मूळ प्रश्नावर येते. व्ह्यू चालू की बंद?

आपल्या जुन्या दुकानदारीत दोन वह्या असायच्या. रोजकीर्द, म्हणजे आज जे जे घडलं ते घडलं त्या क्रमाने. आणि खतावणी, म्हणजे तेच व्यवहार ज्याच्या त्याच्या खात्यावर. नुसत्या रोजकिर्दीवरून कुणाकडे किती येणं आहे ते कळत नाही, आणि नुसत्या खतावणीवरून आज काय घडलं ते कळत नाही. कॉन्व्हर्सेशन व्ह्यू बंद म्हणजे रोजकीर्द, चालू म्हणजे खतावणी. मुनीमजी एक वही फाडून टाकत नव्हते. त्यांना दोन्ही लागायच्या, वेगवेगळ्या वेळी.

व्ह्यू बंद असला की प्रत्येक मेल सुटा दिसतो, रात्रीचे तीन मेल तीन ओळींत येतात, एक उघडला तर बाकीचे दोन ठळक राहतात. मालकांना हेच हवंय आणि ते बरोबर आहे. पण त्यात दुसरा धोका आहे. बायरने सकाळी रेट विचारला, काकांनी ११ वाजता जबाब दिला. तुम्ही १२ वाजता तो सुटा मेल उघडला, त्याखाली काकांचा जबाब दिसत नाही, आणि तुम्ही वेगळा रेट कळवला. एका आयडीवर तिघं बसलेले असताना हे हमखास होतं. बायरच्या नजरेत एका कारखान्याचे दोन रेट म्हणजे पुढचे सहा महिने घासाघीस.

म्हणून माझा कौल असा. आयडी एकट्याचा असेल आणि मेल मोजके असतील तर खुशाल बंद करा. आयडी सामायिक असेल तर कॉम्प्युटरवर चालूच ठेवा, आणि रात्रीच्या मेलची रोजकीर्द वेगळी काढा. माझ्या ऑफिसात सकाळी पहिली वीस मिनिटं हेच काम असतं. एकच व्यक्ती इनबॉक्स उघडते, काल संध्याकाळी ६ नंतर ज्या ज्या ट्रेल हलल्या त्या प्रत्येक ट्रेलमध्ये कालच्या शेवटच्या मेलपासून खाली एकेक मेल वाचते. वाचलेला आहे की नाही, याकडे बघतच नाही, तारीख आणि वेळ बघते. हे झाल्याशिवाय कुणी जबाब लिहायचा नाही. मालकांना बंद करूनच बघायचं असेल तर वाद घालू नका, आठ दिवस बंद ठेवा आणि त्या आठ दिवसांत किती वेळा दुहेरी जबाब गेला ते मोजा. आकडा समोर असला की बोलणं सोपं होतं.

मालकांच्या मोबाइलचं काय, हा नाजूक भाग आहे. मालकांना 'तुम्ही मेल उघडू नका' असं आपण सांगू शकत नाही, सांगूही नये, धंदा त्यांचा आहे. मी दोन कारखान्यांत असं केलं की मालकांचा स्वतःचा वेगळा आयडी ठेवला आणि बायरला प्रत्येक मेलमध्ये तो सीसीला ठेवायची विनंती केली. आता मालक त्यांच्या आयडीवर वाचतात, सामायिक आयडीवरचे मेल सकाळपर्यंत ठळक राहतात. तिसऱ्या ठिकाणी मालकांना एकच गोष्ट शिकवली. ट्रेल उघडून वाचली की मेलच्या तीन टिंबांतून 'मार्क अनरेड फ्रॉम हिअर' दाबायचं, म्हणजे त्या मेलपासून पुढचे सगळे पुन्हा न वाचलेले होतात. ते पंधरा दिवसांत सवयीचं झालं. दोन्हींत मला वेगळा आयडी जास्त भरवशाचा वाटतो, कारण तिथे कुणाच्या आठवणीवर काही अवलंबून नाही.

आता विषय वेगळे करण्याचं. माझ्या दृष्टीने सगळ्यात जास्त फायदा यातच आहे.

एका ऑर्डरच्या मी चार ट्रेल करते. रेट आणि अटींची एक, सॅम्पल आणि शेडची दुसरी, पॅकिंग आणि मार्किंगची तिसरी, शिपमेंटच्या कागदांची चौथी. ऑर्डर लहान असेल तर पहिल्या दोन एकत्र चालतात. चारपेक्षा जास्त करू नका, नाहीतर कुठला मेल कुठे लिहायचा यातच वेळ जातो. शिपमेंटची मात्र वेगळीच हवी, कारण तिथे सीएचए, शिपिंग लाइन, बँक असे बाहेरचे लोक असतात, त्यांना आपला रेट दिसायचं कारण नाही. शिवाय तिथे घड्याळ लागलेलं असतं. एलसीचा (बँकेच्या लेटर ऑफ क्रेडिटचा) व्यवहार असेल तर एलसीत वेगळी मुदत दिलेली नसताना शिपमेंटपासून २१ दिवसांच्या आत, आणि एलसी संपण्याआधी, कागद बँकेत पोचावे लागतात. बीएलच्या (बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाज कंपनीच्या माल-पावतीच्या) ड्राफ्टवरचा दुरुस्तीचा मेल शेडच्या चर्चेत हरवून चालत नाही.

विषयाच्या ओळीत बायरचा पीओ (पर्चेस ऑर्डर) नंबर सगळ्यात आधी, मग माल, मग टप्पा. उदाहरणार्थ 'पीओ ४४७१ / हँड टॉवेल ५०० जीएसएम / शेड'. नंबर आधी अशासाठी की मोबाइलवर ओळीचा शेवट कापला जातो. 'अर्जंट', 'रिगार्डिंग ऑर्डर', 'फायनल' हे शब्द विषयात घालू नका. महिन्याने शोधताना त्यांचा काही उपयोग होत नाही.

चालू ट्रेलमधून विषय वेगळा काढायचा असेल तर जीमेलमध्ये रिप्लायच्या चौकटीत डावीकडे बाण असतो, त्यात 'एडिट सब्जेक्ट' मिळतं. विषय बदलला की मेल नव्या ट्रेलमध्ये जातो. पण गुपचूप बदलू नका. पहिल्या ओळीत लिहा की शेडबद्दलचं बोलणं आता या मेलवर करू, आणि त्याखाली शेडबद्दल आजवर जे ठरलंय ते दोन-तीन ओळींत स्वतःच्या शब्दांत लिहा. जुन्या ट्रेलवरही एक ओळ टाका. नाहीतर एजंट जुन्यावर लिहीत राहतो, बायर नव्यावर, आणि तुमच्याकडे दोन सत्यं तयार होतात.

बायर ऐकेल का, अशी शंका तुम्हाला येईल. त्याला शिकवायला जाऊ नका. लोक इनबॉक्समध्ये वर असलेल्या मेलवर रिप्लाय दाबतात. तुम्ही चार विषयांचे चार सुटे जबाब पाठवलेत तर तो त्या चारांवर लिहायला लागतो. त्याने चार विषय एकाच मेलमध्ये लिहिले, तरी तुम्ही जबाब देताना फोडा. माझ्या अनुभवात दोन-तीन फेऱ्यांत घडी बसते. एखादा बायर मात्र कधीच बदलत नाही, सगळं एकाच ट्रेलवर लिहितो. त्याच्यासाठी पुढे सांगते ते रजिस्टर हाच उपाय.

आणि वर म्हटलेली उलट बाजू. मोठ्या बायरच्या यंत्रणेतून येणाऱ्या मेलच्या विषयात केस नंबर किंवा तिकीट नंबर असतो, शिपिंग लाइनच्या मेलमध्ये बुकिंग नंबर. तो विषय अजिबात बदलू नका. त्यांची मशीन तो नंबर बघून तुमचा जबाब योग्य जागी लावते. बदललात तर तुमचा मेल तिकडे अनाथ पडतो.

इथवर एवढं झालं: सकाळी एकाने रोजकीर्द वाचायची, एका ऑर्डरच्या तीन-चार ट्रेल ठेवायच्या, विषयात नंबर आधी. आता यापेक्षा महत्त्वाचं.

ट्रेल कितीही नीट ठेवली तरी डाइंग मास्टर मेल वाचत नाही. तो जॉब कार्ड वाचतो. आपल्याकडे डाइंग खात्यात निम्मं बोलणं तेलुगूत चालतं, इंग्रजी मेलचा प्रिंट हातात देऊन काही होत नाही. शेड बदलल्याचा मेल तुम्ही वाचला असता, पण कार्ड बदललं नसतं, तरी लॉट जुन्याच शेडमध्ये निघाला असता. म्हणून मेलमध्ये निर्णय आला की तो मेलमधून बाहेर काढायचा. माझ्याकडे एक लांब रजिस्टर आहे, तुम्ही एक्सेल वापरा. रकाने पाचच: तारीख, पीओ, काय ठरलं, कोणत्या मेलवरून म्हणजे त्या मेलची तारीख-वेळ, आणि खात्यात कुणाला सांगितलं. शेवटच्या रकान्यात नाव आल्याशिवाय ती ओळ पुरी झाली असं धरायचं नाही. सोबत जीमेलमध्ये त्या ट्रेलच्या आत जाऊन नेमक्या त्याच मेलला तारा लावते, म्हणजे ६४ मधला निर्णयाचा मेल एका नजरेत सापडतो.

शेड, माप, मार्किंग, तारीख यांपैकी काहीही बदललं की त्याच दिवशी बायरला उलट लिहायचं (यातली लॅब डिप म्हणजे मंजुरीसाठी रंगवलेला नमुना): 'आम्ही असं समजलो आहोत की हँड टॉवेलची शेड आता अमुक लॅब डिपप्रमाणे, जुनी रद्द. डाइंग अमुक तारखेला सुरू करत आहोत.' हे सौजन्याचं वाक्य नाही. आपण चुकीचं समजलो असू तर बायर त्याच दिवशी ओरडतो, लॉट निघाल्यावर नाही.

बाकीची बटणं पटकन सांगते. 'अर्काइव्ह' केलेली ट्रेल नवा जबाब आला की आपोआप इनबॉक्समध्ये परत येते, म्हणून काम झालेल्या ट्रेल बिनधास्त अर्काइव्ह करा. 'म्यूट' केलेली तशी वर येत नाही, म्हणून ऑर्डरच्या ट्रेलला म्यूट कधीच नको. 'स्नूझ' चांगलं आहे, लॅब डिपच्या जबाबाची वाट बघताना चार दिवसांनी ती ट्रेल वर आणायला. यादीतून 'डिलीट' केलं तर सगळीच ट्रेल जाते, एकच मेल काढायचा असेल तर आत जाऊन त्याच्या तीन टिंबांतून काढा. चुकून गेली तर ३० दिवस ट्रॅशमध्ये असते. मी ऑर्डरचा मेल कधीच काढत नाही, दोन वर्षांनी क्लेम आला तर तोच कामाला येतो. रिप्लायबरोबर अटॅचमेंट जात नाही, फॉरवर्डबरोबर जाते. पॅकिंग लिस्टच्या फाइलच्या नावात तारीख घाला, कारण एकाच ट्रेलमध्ये 'फायनल' नावाच्या चार फाइल मी पाहिल्या आहेत. आणि लांब ट्रेलमध्ये शब्द शोधायचा असेल तर आधी 'एक्सपांड ऑल' करा, घडी घातलेल्या मेलमधलं ब्राउझरच्या शोधात सापडत नाही. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, सुट्टीनंतर परत येऊन मोठी ट्रेल वाचायची वेळ आली तर मी 'प्रिंट ऑल' दाबते आणि कागदावर पेन्सिल घेऊन वाचते.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. मेल ओळखीच्या ट्रेलमध्ये आला म्हणजे तो ओळखीच्या माणसाचाच आहे, असं नसतं. भामटे आधी कुणाचातरी आयडी फोडतात, आठवडेच्या आठवडे ट्रेल वाचतात, आणि बरोबर पेमेंटच्या वेळी त्याच ट्रेलवर रिप्लाय देऊन 'आमचं बँक खातं बदललंय' असं कळवतात. पत्त्यात एखादं अक्षर इकडचं तिकडे असतं. वर सगळी खरी बोलणी दिसत असतात म्हणून संशय येत नाही. तुमच्या बायरलाही तुमच्या नावाने असा मेल जाऊ शकतो. त्यामुळे प्रोफॉर्मा इनव्हॉइसवरच (माल जाण्याआधी पाठवायच्या बिलावरच) छापून टाका की आमचं खातं मेलवरून कधीही बदलणार नाही, फोन करून खात्री करा. तुम्हाला सूत किंवा रंग पुरवणाऱ्यांकडून असा मेल आला तर आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करा, त्या मेलखालच्या नंबरवर नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर कळवा, जितका उशीर तितकं परत मिळणं अवघड. १९३० सालीच सोलापुरात मार्शल लॉ लागला होता, त्यामुळे इथल्या माणसाला हा आकडा लक्षात ठेवायला वेगळा सांगावा लागणार नाही.

शेवटी, डाय झालेल्या त्या लॉटचं. बायरला अजून कळवलं नसेल तर आजच कळवा, आणि ६४ मेलच्या त्या ट्रेलवर नाही. नवा विषय घ्या: पीओ नंबर, हँड टॉवेल, शेड. सुरुवातीलाच स्पष्ट लिहा की तुमचा अमुक तारखेचा मेल आमच्याकडून बघायचा राहिला, इतके किलो माल जुन्या मंजूर शेडमध्ये डाय झाला आहे. सोबत कापडाचे तुकडे कुरिअरने पाठवा, फोटोवरून शेड कळत नाही. दोन पर्याय द्या: हा माल याच किंवा दुसऱ्या ऑर्डरमध्ये चालेल का, नाहीतर नवा लॉट कोणत्या तारखेला देऊ शकता. तारीख डाइंग मास्टरला विचारून लिहा, स्वतःच्या अंदाजाने नको. डाय झालेली शेड फिकी असेल आणि नवी गडद असेल तर वरून पुन्हा रंगवता येईल का, हेही मेल लिहिण्याआधी त्यांनाच विचारा. कधीकधी माल वाचतो. मेल पाठवण्याआधी मालकांना मसुदा दाखवा. आणि आज रात्री साडेनऊ-साडेदहाच्या पुढे जबाब येईल तेव्हा तो मालकांच्या मोबाइलवर उघडला जाणार आहे, तर तेवढ्यापुरतं त्यांना आधीच सांगून ठेवा की वाचल्यावर 'अनरेड' करून ठेवा, सकाळी मी बघते किंवा बघतो. जबाब काय आला ते इथे नक्की कळवा, लॉटचं वजन आणि दोन्ही शेड सांगितल्यात तर पुढचं मी बघून सांगेन.